रुमालाशेजारची जागा

खिडकीतून रुमाल आत पडला आणि त्याच्या मागोमाग माणूस काही आला नाही. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात बावड्याची बस लागली होती. मी रोजच्यासारखी दाराशी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, रोजच्यासारखं पलीकडच्या अंगाला जाऊन खिडकीतून आपला रुमाल दोघांच्या बाकावर टाकला. रुमाल पडला की जागा आपली झाली, हा आमच्या बसमधला कायदा. पुढचं सगळं ठरलेलं. मी चढायचं, आत सरकून खिडकीशी बसायचं, आणि हे सावकाश, जणू काही घाईच नाही असे, कंडक्टरशी दोन शब्द बोलत येणार, रुमाल उचलणार आणि शेजारी टेकणार. त्या दिवशी मी चढले, बसले, बाहेर बघितलं, तर हे खाली सायकलवर, एक पाय रस्त्याला टेकून उभे. सायकल बंडूची, माझ्या धाकट्या दिराची. 'बस तू,' हे म्हणाले, 'मी पुढं होतो.' आणि झालेच की पुढं. बस सुटली तेव्हा दसरा चौकाच्या वळणावर ह्यांची पाठ दिसली, मग तीही दिसेना. शेजारी रुमाल होता. गाडीत उभी राहिलेली माणसं होती, पण त्या रुमालाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, कारण त्या पावसाळ्यात गावात डोळ्यांची साथ होती आणि दुसऱ्याच्या रुमालाला शिवणं म्हणजे साथ विकत घेणं. कंडक्टर काळा चष्मा लावून आला. 'बाई, रुमाल कुणाचा?' मी म्हटलं, आमच्या ह्यांचा. 'मग मालक कुठं हायत?' मी म्हटलं, सायकलवर. मागं कोणीतरी हसलं. कंडक्टर हसला नाही. रुमाल तसाच राहू दिला त्यानं, आणि मी बावड्यापर्यंत एका रुमालाशेजारी बसून गेले.

एवढंसं ते, आणि त्यानं मला का हलवावं हे सांगायचं तर आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. शुक्रवार पेठेत आमची पुढची एक खोली, मागं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत सासरे अप्पा, हे आणि बंडू. स्वयंपाकघरात मी आणि आक्का, ह्यांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी आलेली. लग्नाला चार वर्षं होऊन मूल कसं नाही म्हणून विचारणाऱ्यांनी आधी आमच्या घरात एक चक्कर मारून बघावी, मग विचारावं. थोरल्यांच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि थोरली माणसं घरात नाहीत असा क्षणच नाही. तेव्हा बोलणं आक्कांच्या मार्फत. मी म्हणायचं, आक्का, ह्यांना म्हणावं पाणी तापलंय. हे दोन हातांच्या अंतरावर बसलेले असतात, त्यांना ऐकू गेलेलंच असतं, तरी आक्का मान वळवून म्हणणार, जोती, पाणी तापलंय रं. मग हे म्हणणार, तिला म्हणावं आलोच. आणि आक्का माझ्याकडं वळणार. सुरुवातीला मला हसू यायचं. माझं माहेर कोडोलीला, तिथं माझी आई वडिलांशी चांगली तारस्वरात भांडायची. पुढं हसू यायचं बंद झालं, आणि आता तर कधीकधी आक्का सांगेपर्यंत मला खरंच ऐकूच येत नाही.

त्या घराबाहेर आम्हाला एवढीच जागा होती, ते बसमधलं बाक. मी बावड्याच्या शाळेत शिकवते आणि हे तिथल्या कारखान्याच्या ऑफिसात, त्यामुळं दोघांनाही एकच बस. घरातून मात्र वेगवेगळं निघायचं. मी आधी, डबा घेऊन, बायकांच्या वाटेनं. हे मागून, मोठ्या रस्त्यानं, झपाझप. चौकात आलं की रुमाल, आणि रुमालाच्या पुढं आम्ही नवरा-बायको. दसरा चौक, कलेक्टर कचेरी, लाइन बाजार, बावडा, एवढाच आमचा संसार. काय बोलायचो? काही नाही. हे कारखान्यातल्या वजनकाट्यावरच्या कारकुनाच्या नकला करायचे. मी हेडबाईंच्या तक्रारी सांगायची. एकदा ह्यांनी विचारलं, तुला आमटीत गूळ आवडत न्हाय का? तीन वर्षं मी गुळाची आमटी खात होते, आणि हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाही आवडत. लाइन बाजार आल्यावर हे म्हणाले, मलाबी न्हाय. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की वर्गात मुलींना पाढ्यांच्या चुकांबद्दल मी काही बोललेच नाही. कलेक्टर कचेरीच्या पुढं रस्ता उखडलेला होता, गाडी हेलकावे घ्यायची आणि ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा. म्युनिसिपालटीनं तो रस्ता नीट करू नये असं मला मनापासून वाटायचं.

आणि त्याच बाकावर खोल्यांचं निघालं. बावड्यात लाइन बाजाराच्या मागं नवी घरं होत होती. तिथं हुसेनबी म्हणून एक बाई, मुलगा ख्वाजा पुण्याला नोकरीला गेल्यापासून एकटीच राहायची आणि मागच्या दोन खोल्या तिला चांगल्या माणसाला द्यायच्या होत्या. एका संध्याकाळी आम्ही मधेच उतरून बघून आलो. मागच्या भिंतीला मोठी खिडकी होती. ह्यांनी भिंतीवर वीत टाकून मापं घेतली, हिथं कॉट, हिथं ट्रंक, हिथं तुझी पुस्तकं. पुस्तकं माझी चार, पण त्यांनाही त्या भिंतीवर जागा मिळाली. हुसेनबीला आम्ही दिवाळीपर्यंतचा शब्द मागितला आणि तिनं दिला. अप्पांना काय सांगायचं तेही बसमध्येच ठरलं. वेगळं निघतो म्हणायचं नाही, ते अप्पांना सोसलं नसतं. म्हणायचं की बसच्या हालांपायी जवळ राहतो, दर रविवारी येतो. बसचे हाल हे आमचं कारण होतं. कारण खोटं होतं, आम्हाला बसचे हाल कधी झालेच नव्हते, पण घरी सांगायला चांगलं होतं, आणि ते सांगायला हे दिवाळीची वाट बघत होते.

मग साथ आली. जुलैत पेठेतल्या एकेका घरात माणसं लाल डोळे घेऊन उठायला लागली. मुंबईकडं म्हणे तिला जय बांगला म्हणायचे, आमच्याकडं नुसतं डोळं आल्यात. मरत कोणी नव्हतं, चार दिवसांत डोळे उतरायचे, पण भीती भलतीच बसली. नुसतं बघितलं तरी येतं असं लोक म्हणायचे. बसमध्ये त्यामुळं जे झालं ते मी कधी विसरणार नाही. माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली. कोणी जमिनीकडं, कोणी बाहेर, कोणी पुढच्याच्या पाठीकडं. वरचा दांडा कोणी धरेना, मग वळणावर धडपडायचे आणि ज्याच्यावर पडायचे त्याची माफी मागताना डोळे मिटून घ्यायचे. भाऊसिंगजी रस्त्यावर काळे चष्मे खपायला लागले. चष्मा लावलेला बाधलेला आहे की घाबरलेला हेही कळेना, म्हणून चष्मेवाल्याच्या शेजारी कोणी बसेना. हळूहळू माणसं कमी झाली. ज्याच्याकडं सायकल होती तो सायकलवर, ज्याचं काम जवळ तो पायी. कारखान्याचे लोक तर घोळक्यानं सायकली मारत जायचे, रस्ताभर घंट्या. बस रिकामी खडखडत जायची, एका बाकावर एक माणूस. मला वाटतं कोल्हापुरातल्या माणसांना इतकं गप्प मी पहिल्यांदाच बघितलं.

आमच्या घरात या साथीची भीती जास्त होती आणि तिला कारण होतं. अप्पांचा एक डोळा लहानपणी देवीच्या रोगात गेलेला. उरलेल्या एकावर त्यांनी कोर्टात नोकरी काढली, घर चालवलं, आणि त्या एकाला ते फार जपायचे. ते म्हणाले, बस बंद. मला उद्देशून नाही, भिंतीला उद्देशून. ह्यांना बंडूची सायकल मिळाली, ते मला चौकातच कळलं. कॉलेज जवळ, बंडू चालत जाईल. मला सायकल येत नव्हती, आणि सून सायकलवरून जाणार हे कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही. शाळा सोडून चालणार नव्हतं, माझ्या पगारावर घराचं बरंच अवलंबून होतं. तेव्हा मी बसनंच जायचं आणि जपून राहायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे आक्कांनी मला सांगितलं. संध्याकाळी आले की मागच्या दारानं यायचं, बोरिकच्या पाण्यानं डोळे धुवायचे, माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला, माझी चादर वेगळी. मी वाढायचं नाही, आक्का वाढणार. हे सगळं आक्कांनी फार मायेनं सांगितलं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, आणि मला वाटलंही नाही. मला काहीच वाटलं नाही. मी तो टॉवेल त्या खिळ्याला लावला.

रुमाल हे पुढंही काही दिवस टाकत राहिले. चौकात सायकल थांबवायची, रुमाल टाकायचा, 'बस तू' म्हणायचं आणि जायचं. संध्याकाळी रुमाल मी धुवून टाकायची. मग एक दिवस हे लवकर निघून गेले आणि रुमाल आला नाही, आणि त्याची गरजही नव्हती, गाडी सगळी मोकळीच होती. मी आमच्या बाकावर बसले, बाजूची जागा तशीच. ऑगस्टात ह्यांनाच डोळे आले. बसमधल्या कोणाकडून नाही, कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्याकडून, पण अप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, शेवटी बस घरात आलीच. हे पुढच्या खोलीत डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडून होते. मी दाराशी उभी राहून बघायची. चेहऱ्यावर फडकं असलेला माणूस कोणाचाही नवरा असू शकतो असं माझ्या मनात आलं. आक्का म्हणायच्या, जोती, ती इचारतीया कसं वाटतंय. मी काही विचारलेलं नसायचं, आक्का आपल्या मनानंच म्हणायच्या. हे म्हणायचे, बरं हाय म्हणावं.

गणपती झाले आणि साथ उतरली. चष्मे गेले, बोरिकचं भांडं घासून फळीवर गेलं. माझा टॉवेल त्याच खिळ्याला राहिला, तो हलवावा असं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही आपणहून कशाला हलवू? बस भरायला लागली, पण आधीसारखी नाही. निम्मी माणसं सायकलवरच राहिली. सवय लागली म्हणा, सुख लागलं म्हणा. जी आली ती वेगळी होऊन आली होती, वर्तमानपत्र तोंडापुढं धरायची, बोलायची नाहीत. आणि रुमाल टाकायची पद्धत आमच्या गाडीतून गेली ती गेलीच. एकदा एका पोरानं खिडकीतून रुमाल टाकला तर एका गड्यानं तो काडीनं उचलून बाहेर टाकला. सगळ्यांनी ते बघितलं, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी वाट बघत होते, आज येतील, उद्या येतील. हे आले नाहीत. ह्यांनी बंडूला जुनी सायकल परत देऊन स्वतःला नवी घेतली, हिरवी, आणि तिला रोज सकाळी खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसायला लागले. दिवाळी जवळ येत होती. खोल्यांचं विचारायचं होतं, आणि ते विचारायला जागा नव्हती, कारण अशा गोष्टी विचारायची जागा म्हणजे ते बाक. नळावर गाठ पडली तर मागं बंडू दात घासत उभा. रविवारी भाजीला निघावं तर आक्का पिशवी घेऊन तयार. शेवटी एक दिवस मी बस सोडली आणि चौकाच्या कोपऱ्यावर उभी राहिले. हे आले, घंटी वाजवली, मग ओळखलं.

'काय गं, बस चुकली?'

'बोलायचं होतं.'

'मग संध्याकाळी बोलू की.'

संध्याकाळी कुठं बोलणार होतो आम्ही? ह्यांनाही ते कळलं, कारण ह्यांनी सायकलचं हँडल उगीचच सरळ केलं. मी म्हटलं, मला मागं घ्या, बावड्यापर्यंत बोलत जाऊ. हे म्हणाले, पेठेतली माणसं बघत्यात, अप्पांच्या कानावर जाईल. आणि मग, उशीर होतोय असं म्हणाले. पुढची बस येईपर्यंत मी तिथंच उभी होते. शाळेत गेल्यावर हेडबाईंनी उशिराबद्दल विचारलं, मी म्हटलं, बस चुकली.

त्याच आठवड्यात हुसेनबीनं मला रस्त्यात गाठलं. बँकेतले एक गृहस्थ खोल्या मागत होते, बायको-पोरं घेऊन येणार होते. तिनं आमच्यासाठी अडवून धरलं होतं, पण किती दिवस धरणार? 'उद्या सांग बाई,' ती म्हणाली, 'व्हय म्हण न्हाईतर न्हाय म्हण, पण उद्या सांग.' तिचं चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पुरुष माणसं जेवायला बसली. भाकरी मी करत होते, आक्का वाढत होत्या. चुलीकडं तोंड होतं माझं. मी काही ठरवलं नव्हतं, निदान तसं मला वाटत नाही. तवा तापलेला होता, भाकरी फुगली, ती मी काढली आणि म्हटलं, 'आक्का, ह्यांना विचारा, बावड्याच्या खोल्यांचं काय सांगायचं.' जसं पाणी तापलंय म्हणावं तसंच म्हटलं. आमच्याकडं नवऱ्याला काही विचारायचं तर असंच विचारतात, दुसरी वाट मला ठाऊक नव्हती. पण म्हटल्यावर मला कळलं की मी काय केलं. बंडूचा घास हातात राहिला. अप्पांनी आपला चांगला डोळा ह्यांच्याकडं वळवला. 'कसल्या खोल्या?' आक्कांनाही काय करावं सुचेना, पण चार वर्षांची सवय, त्यांनी मान वळवून म्हटलं, 'जोती, बावड्याच्या खोल्यांचं इचारतीया.' हे ताटाकडं बघत होते. मला वाटलं आता अप्पांना सांगतील, ठरवल्याप्रमाणं सांगतील, हाल होतात म्हणून. एवढं एकच वाक्य होतं, आम्ही कितीदा घोकलं होतं.

'तिला सांग आक्का,' हे म्हणाले, 'बसच्या हालापायी बगत होतो. आता सायकल हाय. गरज न्हाय.'

आक्का माझ्याकडं वळल्या. मी हातभर अंतरावर होते, हातात पीठ होतं. 'गरज न्हाय म्हणतोय,' आक्का म्हणाल्या. मी 'बरं' म्हटलं. ऐकलंय म्हटलं नाही. अप्पांनी ताट पुढं सारून आणखी कालवण मागितलं, बंडूनं घास खाल्ला, आणि जेवणं झाली. मी पुढची भाकरी थापली. ती नीट झाली, काठ कुठं फाटला नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी पहिल्यांदा हेच मनात घोळवलं की हे अप्पांसाठी म्हणाले. अप्पांच्या समोर दुसरं काय म्हणणार होते? बसमध्ये असतो तर ह्यांनी वेगळं सांगितलं असतं, खांदा लावून म्हणाले असते, अगं थांब जरा, करतो मी काहीतरी. असं बरंच काय काय ह्यांच्या तोंडून मी मनातल्या मनात ऐकलं. शेजारी आक्का घोरत होत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग तरी यावा, तोही धड येईना. पाय बधिर झाल्यावर आपलाच पाय हातानं उचलून ठेवावा लागतो, तसं मी स्वतःला सकाळी उठवलं आणि डबे भरले.

आणि सकाळी ते दिसलं. दसरा चौकात बस अडली होती, पुढं बैलगाडी आडवी. मी खिडकीशी होते. हे मागून आले, बसच्या अगदी लगत, मला बघितलंच नाही. एक हात हँडलवर, दुसरा सोडलेला, आणि शीळ घालत होते. माझ्या नवऱ्याला शीळ घालता येते हे मला ठाऊक नव्हतं. घरात कधी घातली नाही, बसमध्येही नाही, माझ्या शेजारी बसून कधीच नाही. तोंडावर असं काही होतं की मी हाक मारायला उघडलेलं तोंड मिटलं. माणूस खुशीत होता. अप्पांसाठी नव्हते बोलले हे. मला वाटत होतं त्या घरातून सुटायला जागा आम्हा दोघांना हवी होती. ह्यांना ती मिळाली होती, एकट्यापुरती, आणि तेवढी पुरत होती. बैलगाडी हलली, आमची बस निघाली, कलेक्टर कचेरीच्या पुढं हे मागं पडले. उखडलेल्या रस्त्यावर गाडीनं हेलकावे घेतले तेव्हा मी पुढच्या बाकाचा दांडा धरून बसले, कोणावर पडू नये म्हणून.

लाइन बाजारला उतरले ती नाही सांगायला. शब्द जुळवून ठेवले होते, जमत नाही, तुम्ही अडून राहू नका, बँकेतल्यांना द्या. हुसेनबी उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिनं मला बसायला पाट सरकवला, मी उभीच राहिले.

'मालक न्हाय आले?'

'नाहीत.'

'मग, काय ठरलं तुमचं?'

'घेते,' मी म्हणाले. माझाच आवाज होता. मी तो ऐकला आणि पुढं काही दुरुस्त केलं नाही.

तिनं कधी येणार विचारलं, मी म्हटलं दिवाळीच्या आधी. पाणी कोणत्या वेळेला येतं ते तिनं सांगितलं, मागच्या दाराची कडी घट्ट आहे म्हणाली, तेल घातलं पाहिजे. मग सुपातल्या पाकळ्या फुंकत सहज विचारलं, मान्सं किती?

'एक.'

ती फुंकायची थांबली. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढं काही विचारेल म्हणून मी वाट बघितली. तिनं लसणाची एक पाकळी नखानं सोलली आणि सुपात टाकली.

'एकलीला दोन खोल्या कशाला गं बाई?' ती म्हणाली. 'एक घे. दुसरी मी कुणाला तरी दीन.'

'नको,' मी म्हणाले. 'दोन्ही हव्यात.'